दाढ आणि उतार

काराकोलमधल्या अर्ध्या गावाचे दात सायकालच्या हाताखालून गेले होते. "काही होत नाही, श्वास सोडा," म्हणत ती भल्याभल्यांची दाढ उपटायची. पण त्या रविवारी ती पायांत स्की घालून चेअरलिफ्टवरून उतरली, खालचा बर्फाचा उतार पाहिला आणि तिचे पाय लाकडासारखे ताठले. मागच्या हिवाळ्यात ती इथूनच गडगडत गेली होती. आज नवरा कुबात "जमेल गं तुला" म्हणून खाली चहा प्यायला पसार झाला होता.

स्की शिकवायला आला तो नेमका तेमिरकुल. दाढ तपासून घेताना हाच गडी तिच्या खुर्चीतून उठून पळाला होता. तिला पाहून तो मिशीत हसला.

"काही होत नाही ताई, श्वास सोडा. थोडंसंच दुखेल."

सायकालने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने शिकवायला घेतलं. भीती वाटतेय तर वाटू द्या, लपवू नका. घाबरलं की माणूस श्वास कोंडतो, मग पाय ताठतात, आणि ताठलेले पाय वळत नाहीत. दरीकडे नको, वळायचंय तिकडे बघा. सध्या फक्त त्या लाल खांबापर्यंत जायचंय.

तिला सगळं पटलं, पण ती हलेना. तेमिरकुलने जरा विचार केला.

"बरं, माझ्या त्या दाढेचं काय म्हणत होता तुम्ही?"

"काय म्हणणार? किडून पोकळ झाली असेल एव्हाना. तोंडात तंबाखू धरून बसतोस, मेल्या, आणि..."

रागवायचं तर श्वास घ्यावाच लागतो. तो तिच्याकडे तोंड करून उलटा घसरत निघाला, आणि त्याला नीट ऐकू जावं म्हणून ती त्याच्यापाठोपाठ. लाल खांब कधी मागे पडला, तिला कळलंच नाही. एका वळणावर ती आपटली, पण आडवी पडूनही हिरड्यांबद्दल बोलतच होती. उठली, पुन्हा निघाली.

खाली पोहोचली तेव्हा लिफ्टच्या रांगेतल्या सगळ्यांना तेमिरकुलच्या तोंडातली अवस्था कळली होती. बिचारा ओठ मिटून हसत होता.

कुबात चहाचा पेला घेऊन आला आणि म्हणाला, मी सांगितलंच होतं जमेल म्हणून.

सायकालने तेमिरकुलला विश्रांती घ्यायला सांगितलं. "आता ह्याला नेते बरोबर. ह्याच्याबद्दल बोलायला लागले तर हा उतार पुरायचा नाही."

लिफ्टवर बसताना तिला पुन्हा भीती वाटली, पण तिने ती लपवली नाही. तिने कुबातचा हात घट्ट धरला आणि लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली.