वडावरचा मानाचा घाव

माझ्या धारेची शपथ घेऊन सांगते, पुढं जे सांगणार आहे त्यात एक अक्षर खोटं नाही. मी कुऱ्हाड. कुऱ्हाडीला खोटं बोलायची सोयच नसते. घाव बसला तर बसला, नाही तर नाही. माझा जन्म नरनाळ्याच्या किल्ल्यावरच्या एका फुटक्या तोफेच्या लोखंडातून झाला.

आता तोफेचं तेवढं सोडा. तोफ नव्हती. रेंगीच्या, म्हणजे हलक्या बैलगाडीच्या, चाकाची झिजलेली लोखंडी धाव होती. कामरगावच्या एका लोहारानं ती तोडली, तापवली, तोंडाशी पोलादाची चीप बसवली आणि मला घडवलं. पण चाकाच्या धावेपासून झाले म्हटलं की लोक पुढं ऐकायला थांबत नाहीत. बाकी सगळं खरं.

साल एकोणीसशे चोवीस-पंचवीस असेल. मला विकत घेतलं रूपलानं. रूपला बंजारा, मानोऱ्याकडचा. त्याच्या बापाच्या वेळेला तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. मग आगगाडी आली, बैल थांबले, माणसं मिळेल तिथं बसली. पण त्या वाटेवरचा एक रिवाज रूपलाच्या घरात उरला होता. ज्या झाडाखाली मुक्काम केला, त्याचं वाळलेलं, मोडलेलं काढून द्यायचं आणि मगच पुढं जायचं. सावलीचं भाडं म्हणा. त्यामुळं रूपलाला म्हाताऱ्या झाडांची नस कळायची.

मी फार हात पाहिलेत. माणसाच्या हातात कुऱ्हाड आली की तो आधी आपला जोर दाखवतो. रूपला आधी झाडाभोवती फिरायचा. खोडाला कान लावायचा, माझ्या बोथट बाजूनं टकटक करून पोकळ कुठं ते पाहायचा. कधी कधी दिवसभर फिरून मला पाठीवर टाकून परत आणायचा. म्हणायचा, "आज नाई." माझी धार शिवशिवत राहायची. मी तेव्हा तरुण होते, एका घावात बाभूळ आडवी करायचे. बरं, दोन घावांत. बाभूळही मनगटाएवढी होती.

इंझोरी आणि मानोऱ्याच्या मधे एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून हयात आहेत आणि मी त्यांच्याच गोठ्यात आहे. त्या गावाच्या तोंडाशी एक वड होता. चारशे वर्षांचा, असं गाव म्हणायचं. पाच माणसांनी हात धरले तरी कवेत न मावणारा. त्याची उगवतीकडची फांदी रेड्याच्या पोटाएवढी जाड आणि पार रस्त्यावर गेलेली. वडाच्या फांदीला पारंब्यांचे पाय फुटतात, त्यावर ती उभी राहते. पण या फांदीच्या पारंब्या गावानं टिकूच दिल्या नव्हत्या. कोणी झोक्याला कापल्या, कोणी ढोरं बांधायला, कोणी दात घासायला. बिनपायांची फांदी सगळा भार खोडावर टाकून लोंबत होती आणि तिच्या बेचक्यात बोट जाईल एवढी चीर पडली होती.

ती चीर पहिल्यांदा दिसली मनकर्णाबाईला. सत्तरीची म्हातारी, जानराव पाटलांची सख्खी काकू. अख्खं गाव ज्यांना पाटीलसाहेब म्हणे, त्यांना ही जान्या म्हणे. तिनंच रूपलाला बोलावणं धाडलं.

रूपलानं दोन दिवस झाड पाहिलं. तिसऱ्या दिवशी पारावर बोलला, "फांदी काढा लागते, पाटील. नाई काढली तं येत्या वारा-वावधानात खोड उभं फाटते. मंग फांदीबी नाई आन् वडबी नाई."

"आन् तुले काय पाह्यजे?" पाटलांनी विचारलं.

"बारा घरं हायेत आमची. गायरानावर राहू द्या, नाल्याच्या झिऱ्याचं पाणी भरू द्या."

पाटलांनी सुपारी कातरली. "झाड वाचलं तं तांडा राह्यला. वाळलं तं बिऱ्हाडं उचला."

"कबूल. पन कसं तोडायचं थे माह्या हातात राहू द्या."

"तुह्याच हातात. पहिला घाव तेवढा मानाचा. थो माहा."

"टेकवाचा फक्त."

"टेकवतो ना बावा!"

त्या गावाची रीतच होती. देवाच्या झाडाला हत्यार लावायचं तर पहिला घाव पाटलाचा, नारळ-कुंकवासकट. दुसरी रीत त्याहून पक्की होती. देवाच्या झाडाला खालून घाव घालायचा नाही.

गोची इथंच होती, कारण रूपलाचं काम खालूनच सुरू व्हायचं. त्यानं मनकर्णाबाईला ज्वारीचा ओला धांडा मोडून दाखवला. "पाहा काकू. वरून मोडला तं साल खालपर्यंत सोलत जाते. आधी खालून खाच पाडली का मंग सोलत नाई. आधी शेंडे छाटून भार हलका करतो, दोर बांधतो, खालून खाच पाडतो, आन् मंग वरून तोडतो."

तिथं नानाजी बसला होता. गावात काम नसलेला आणि मत असलेला एक माणूस लागतोच, तो हा. "खालून? देवाले लाथ मारल्यावानी होते थे! पाटील, आयकलं काय?"

"तुह्या तोंडाले खालून खाच पाडा लागते, नाना," म्हातारी म्हणाली. "जान्या, त्याले काम करू दे."

पाटील हो म्हणाले. पण मला त्यांच्या डोळ्यांत नानाजीचा शब्द रुतलेला दिसला. माणसाच्या कानात शिरलेला टोमणा म्हणजे लाकडात शिरलेला भुंगा. बाहेरून भोकही दिसत नाही.

माघातला सकाळचा मुहूर्त होता. गाव जमलं. पारावर उभं राहिलं की फांदीचा बुंधा छातीशी येई. रूपलानं मला धुतलं, जवसाचं तेल लावलं आणि पाटलांच्या हातात दिलं. मनकर्णाबाईनं मला कुंकू लावलं. पाटलांनी मला फांदीवर अलगद टेकवलं. झालं होतं. खरंच झालं होतं.

"काय पाटील," गर्दीतून नानाजी बोलला, "कुऱ्हाडीनं वडाले ओवाळून राह्यले काय? का हात दुखून राह्यले?"

लोक हसले. पाटलांची मूठ माझ्या दांड्यावर आवळली, ती मला अजून आठवते. त्यांनी मला डोक्यावर नेलं आणि घातलं. वरून, नेमकं त्या चिरेवर.

"पाटील, बस!" रूपला ओरडला. "भार काढला नाई अजून!"

दुसरा घाव. तिसरा. गर्दीतून कोणी वाहवा म्हणालं. चौथा. चीक उडून माझ्या तोंडावर बसला. मला वाकडं व्हायचं होतं, दांड्यातून निसटायचं होतं. पण कुऱ्हाडीला नाही म्हणायला तोंड नसतं, नुसती धार असते. सहावा की सातवा घाव चालू असताना फांदीच बोलली. सुतार लाकूड फोडतो तसा तो आवाज नव्हता. लुगडं टराटरा फाटावं तसा, पण गाड्याएवढा. फांदी खाली आली आणि येताना खोडाची साल थेट पारापर्यंत सोलून घेऊन आली. आतलं लाकूड ओलं, पांढरं, उघडं पडलं.

कोणाला लागलं नाही. आणि मग माणसांची एक कला मी पाहिली. ते घाव सगळ्या गावानं पाहिले होते. ऊन डोक्यावर येईपर्यंत ते कोणीच पाहिले नव्हते. एक म्हणाला, पाटलानं नुसती टेकवली. दुसरा म्हणाला, बंजाऱ्यानं जागाच चुकीची दाखवली. तिसरा म्हणाला, कुऱ्हाडच अपशकुनी. नानाजी म्हणाला, "तांड्याले हाकला."

पाटलांनी फैसला पाडव्यावर ठेवला.

ते दोन महिने मी विसरणार नाही. रूपलानं जखमेच्या चिंधड्या झालेल्या कडा माझ्या टोकानं तासून साफ केल्या, खालचं टोक निमुळतं केलं, म्हणजे पाणी साचू नये. शेण आणि वारुळाची माती कालवून वर लेप दिला, गोणपाट गुंडाळलं. मग बांबू फोडून त्याच्या पन्हळी केल्या, त्यात माती आणि कुजकं खत भरलं. उरलेल्या फांद्यांच्या पारंब्या त्यात सोडून त्यांना जमिनीची वाट दाखवली. पन्हळी रोज ओल्या ठेवायच्या होत्या. मनकर्णाबाई सकाळ-संध्याकाळ घागर आणायची. गाव पाहत होतं, हात कोणी लावत नव्हतं.

"काहून मरून राह्यले या झाडासाठी?" रूपलाच्या बायकोनं, हिरीबाईनं एकदा त्याला विचारलं. घरात ते त्यांच्या बोलीत बोलत. मी तुम्हाला समजेल असं सांगतेय. "घाव तुमचा होता काय?"

"कुऱ्हाड तं माही होती," रूपला म्हणाला.

पाडवा आला. वडाला तांबूस कोंब आले. सोललेल्या बाजूलाही, अगदी वरच्या टोकाला, चार-दोन. पारावर गाव बसलं. नानाजीनं सुरुवात केली, बंजाऱ्यानं अर्धा वड खाल्ला म्हणाला. तेव्हा जानराव पाटील उभे राहिले. त्यांनी पागोटं काढून पारावर ठेवलं आणि म्हणाले, "घाव माहा होता. रूपलानं थांब म्हटलं, मी आयकलं नाई. वड याच्यामुळंच उभा हाये." मग तेच पागोटं त्यांनी रूपलाच्या डोक्याला बांधलं. म्हातारीनं डोळे पुसले. गावानं टाळ्या वाजवल्या.

छान झालं ना?

हे मी रचलं. एवढाच भाग. वड खरा, घाव खरे, सोललेली साल खरी. पाटलांचं उभं राहणं मात्र माझं. गोठ्यात टांगलेली असताना, पंधरा-सोळा वर्षं, मी त्यांच्या तोंडात ते शब्द घालून पाहते आहे. आताशा इतके नीट बसतात की मलाच खरे वाटायला लागलेत.

खरं असं झालं. नानाजी बोलला. पाटील खाली पाहत सुपारी चघळत राहिले. मनकर्णाबाई म्हणाली, "जान्या, बोल की रे. सात घाव घालाले हात होते, एक शब्द बोलाले तोंड नाई?" आणि तिला गप्प केलं ते रूपलानंच.

"काकू, झाडाले आधी पाणी लागते. न्याव मंग," तो म्हणाला. मग पाटलांकडे वळला. "पाटील, चूक माही. जागा मीच चुकीची दाखवली. मी आन् हिरी शिवेबाहेर जातो. पन बारा घरं राहू द्या, आन् हे पन्हळं वल्ले ठेवाचं काम त्यायले द्या. पारंब्या जमिनीले लागेपर्यंत कोनाले तोडू देऊ नका."

पाटील झटकन हो म्हणाले. फार झटकन.

वाटेत हिरीबाई एकच वाक्य बोलली, "खोटं काहून बोलले?" तो म्हणाला, "पाटलाची मान खाली गेली असती तं त्यानं तांडा ठेवला असता काय? आन् तांडा नाई तं पाणी कोन घालते?" शिवेपर्यंत मी त्याच्या पाठीवर होते, म्हणून ऐकलं. शिवेपर्यंत पोचवायला आलेल्या मनकर्णाबाईच्या हातात त्यानं मला दिलं. त्या गावात पुन्हा त्याला पाऊल टाकायचं नव्हतं, आणि वाळलेलं काढायला झाडाला माझी गरज लागणार होती.

पुढं म्हातारी गेली, पाटीलही गेले. मला गंज चढला आहे. आता माझ्यानं गोवऱ्या फोडतात. तांडा गायरानावर आहे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पारंब्या जमिनीला लागल्या. आज त्या मांडीएवढ्या जाड झाल्या आहेत आणि वड त्यांच्यावर उभा आहे. सोललेल्या जागेवर दोन्ही बाजूंनी साल सरकत आली आहे, मधे ओंजळभर उघडं राहिलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला गाव तिकडं बोट करून सांगतं, "रूपला बंजाऱ्यानं फाडला होता आमचा वड."

तुम्ही कधी त्या सावलीत बसलात आणि कोणी तसं बोट केलं, तर एवढं करा. विचारा, की मग या पारंब्या कोणी लावल्या? उत्तर कोणी देणार नाही. तरी विचारा. मला विचारता येत नाही.