वितळलेल्या मुठीची सायकल

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो, आणि माझ्या उजव्या बाजूची मूठ वितळलेली आहे. आता ती वाळून टणक झाली आहे, पण तिच्यावर चार बोटांचे खळगे उमटलेले आहेत. ज्यांना माहीत नाही ते हसतात. म्हणतात, एवढी मोठी सायकल आणि बिचारीला धड मूठ नाही. हसू द्या. मला तोंड असतं तर ही मूठ अशी ठेवायची वेळच आली नसती.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथून सुट्या भागांनी, खाकी कागदात गुंडाळून मी यवतमाळला आले आणि एका दुकानात माझी जोडणी झाली. राळेगावला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये कामाला असलेल्या नागोरावांनी मला विकत घेतलं. काळी कुळकुळीत, बावीस इंची, पुढे डायनामोचा दिवा. नागोरावांचा माझ्यावर इतका जीव की जिनिंगमधला कापूस माझ्या चाकांत अडकला की ते सुट्टीच्या दिवशी पिन घेऊन एकेक धागा काढत बसायचे. त्यांच्या पत्नी जयाबाई यांनी माझ्या सीटला मखमली कव्हर शिवलं होतं, त्याला लोंबते गोंडे होते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा बांधून मी सगळ्यांच्या पुढे असायचे. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा थोडा गर्व होता. दुसऱ्या सायकलींकडे मी बघतसुद्धा नसे.

मग कापसाचे दिवस फिरले. जिनिंग बंद पडलं. नागोरावांना दम लागू लागला आणि एका हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या मुलाचं, धम्मरत्नचं, बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं मला दुकानात हुकाला उलटी टांगली. आज विकू, उद्या विकू म्हणता म्हणता कितीतरी वर्षं मी तशीच लटकत राहिले. कोणी माझी घंटी उसनी नेली, कोणी डायनामो नेला. मखमली कव्हर उंदरांनी खाल्लं. उसनं नेलेलं परत करायला कोणीही आलं नाही. धूळ बसून बसून माझा काळा रंगही दिसेनासा झाला. मी आशा सोडली होती.

एका उन्हाळ्यात खेमसिंग दुकानात आला. राळेगावपासून आत असलेल्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर तो राहायचा. लोकांचं दळण चक्कीवर नेणं, बाजारातून सामान आणणं, हंगामात मजुरीनं पिकावर फवारणी करणं, असं त्याचं काम होतं.

"धम्माभाऊ, मले माल वाह्याची सायकल पायजे," तो म्हणाला. "पन माल मांगं नोको, पुढं पायजे."

"पुढं काहून? सगळे तं मांगंच बांधते."

"आमचे बुढे बैलावर धान्य लादून गावोगाव फिरत. बैल पुढं, मानूस मांगं. माल डोळ्याम्होरं असला की जिवाले शांती असते."

धम्मरत्नला ही कल्पना इतकी आवडली की त्यानं दुकानातली बाकीची कामं बाजूला ठेवली. मला हुकावरून उतरवलं, घासलं, आणि मग करवत काढली. मित्रांनो, त्या करवतीची भीती मी सांगू शकत नाही. पण त्याचा हात त्याच्या बापासारखाच मायेचा होता. त्यानं माझं पुढचं चाक काढलं आणि बरंच पुढे लहान मुलाच्या सायकलचं बुटकं चाक बसवलं. हँडल आणि त्या चाकाच्या मध्ये जुन्या लोखंडी पलंगाच्या पट्ट्या जोडून एक लांबलचक पेटी केली, जमिनीपासून वीतभरच उंच. हँडल वळलं की लांबचं चाक वळावं म्हणून बिघडलेल्या हातपंपाचा दांडा खालून घातला. पहिल्या दिवशी मी डावीकडे जायच्या ऐवजी उजवीकडे गेले आणि खेमसिंगला घेऊन सरळ नालीत पडले. त्याची बायको बिजलीबाई रस्त्यावर उभी राहून पोट धरून हसली.

"नवा बैल हाये," ती म्हणाली. "शिकन हळूहळू."

आणि शिकलेच मी. धम्मरत्ननं दांडा पुन्हा जोडला आणि मी पाण्यासारखी चालू लागले. बिजलीबाईनं माझ्या पेटीभोवती आरसे लावलेली कापडी पट्टी शिवली. मी तांड्यात शिरले की भिंतींवर उजेडाचे ठिपके नाचत आणि पोरं ते पकडायला धावत. दळणाचे डबे, गॅसची टाकी, बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळं माझ्या पेटीतून गेलं. पोळ्याला तर गंमतच झाली. त्यांच्याकडे बैल नव्हता, म्हणून बिजलीबाईनं मलाच धुऊन कुंकू लावलं, झूल घातली आणि पुरणपोळीचा तुकडा हँडलजवळ धरला. त्याच दिवशी धम्मरत्ननं माझ्या हँडलला नव्या लाल मुठी बसवल्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत सुखाचा दिवस होता.

ते दोन हजार सतराचं साल होतं. कापूस माणसाच्या डोक्यापर्यंत वाढला होता आणि त्यावर अळी पडली होती. जो तो फवारणी करत होता. माझ्या पेटीतून रोज पाण्याच्या कॅन, फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या शेतात जायच्या. फवारणीचा तो उग्र वास सगळ्या शिवारात भरला होता, त्यामुळे कोणाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. आमच्याकडे बाया शेतातलं तण निंदायला किंवा कापूस वेचायला जाताना लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. त्यानं हात सोलत नाहीत. खेमसिंगच्या घरी असा एकच सदरा होता. त्याला शेताचा सदरा म्हणायचे. तोच फवारताना खेमसिंग घालायचा आणि तोच निंदायला जाताना बिजलीबाई घालायची. शेताचा सदरा रोज कोण धुतो? बाजाराच्या दिवशी धुवायचा, हीच रीत होती. तोवर तो माझ्या उजव्या मुठीवर टांगलेला असायचा.

एका संध्याकाळी खेमसिंग शेतातून आला तेव्हा सदऱ्याची पाठ ओली होती, कारण पंप गळत होता. बाटली उघडताना पाणी न मिसळलेलं औषधही त्याच्या उजव्या बाहीवर सांडलं होतं. त्यानं सदरा काढून माझ्या मुठीवर टांगला, साबण लावून आंघोळ केली आणि जेवायला बसला. ती बाही माझ्या नव्या लाल मुठीला गुंडाळलेली होती. सकाळपर्यंत माझी मूठ मऊ पडली. माझं रबर, माझा रंग, सगळं सुटत चाललं होतं. मी लोखंडाची, मला काय होणार? पण मला कळलं की हे जे काही आहे ते रबराच्या मुठीला खातं, तर माणसाच्या कातडीला काय ठेवेल?

सकाळी बिजलीबाई आली. तिनं सदरा झटकला आणि अंगात घातला. बाही वाळली होती. मी ओरडू शकले नाही. माझी घंटी तर कधीच कोणी उसनी नेली होती. ती मला थोपटून निंदायला गेली आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले. एवढी लाचारी देवानं कोणाला देऊ नये.

दुपारी तिला बायांनी धरून आणलं. घामानं निथळत होती, उलट्या होत होत्या, डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. खेमसिंगनं तिला माझ्या पेटीत निजवलं, तिच्या अंगातला सदरा काढून घडी केली आणि उशीसारखा तिच्या डोक्याखाली ठेवला. मित्रांनो, तोच सदरा. जवळच्या गावात एक डॉक्टर होते. त्यांनी बाहेर येऊन माझ्या पेटीत वाकून तिला पाहिलं आणि विचारलं, "हिनं फवारणी केली का?"

"नाही साहेब. तिनं पंपाले हातबी नाही लावला," खेमसिंग म्हणाला.

तो खरंच बोलत होता. डॉक्टरांनी उन्हाचा त्रास समजून सलाईन लावलं आणि घरी पाठवलं. परत येताना तिचं डोकं पुन्हा त्या सदऱ्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी तिला नीट श्वास घेता येईना. खेमसिंगनं मला राळेगावच्या रस्त्याला घातलं. तो इतक्या जोरानं पाय मारत होता की माझे सांधे करकरत होते. माल डोळ्यांसमोर असला की जिवाला शांती असते, असं म्हणणारा माणूस आता डोळ्यांसमोर तिला तडफडताना पाहत होता. "बिजली, बोल वं," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

धम्मरत्नच्या दुकानासमोर माझी साखळी उतरली. मी मुद्दाम उतरवली असं समजू नका, माझ्यात तेवढी अक्कल असती तर कालच उतरवली असती. धम्मरत्न धावत आला. खेमसिंग साखळी चढवायला बसला आणि धम्मरत्ननं मला पडू नये म्हणून दोन्ही मुठी घट्ट धरल्या. त्याची बोटं उजव्या मुठीत रुतली.

"भाऊ, ही मूठ कायनं विरघळली? पोळ्यालेच तं म्या नवी टाकली."

"काय मालूम. तू नीट धर."

"थिनर सांडलं काय हिच्यावर?"

"थिनर कुठून आनू? तिच्यावर तं मी सदराच टांगतो."

"कोनता सदरा?"

"शेताचा. फवारतानी घालतो तो."

हे बोलता बोलता खेमसिंगचा हात साखळीवरच थांबला. त्यानं हळूच वर पाहिलं. सदरा बिजलीबाईच्या डोक्याखाली होता.

"वहिनीनं घातलता काय हा?" धम्मरत्ननं विचारलं.

"काल निंदाले जातानी घातलता," खेमसिंग म्हणाला, आणि त्यानं तो सदरा ओढून रस्त्याच्या पलीकडे भिरकावला. मग धम्मरत्ननं दुकान उघडंच टाकलं आणि दोघांनी मला ढकलत सरकारी दवाखान्यात नेलं.

दारातच खेमसिंगनं सदऱ्याचं सांगितलं. नर्सबाई धावल्या, तिला आत नेलं, लुगडं बदललं, अंग धुतलं, सुया दिल्या. मी बाहेर निंबाखाली उभी होते. आत काय चाललंय ते धम्मरत्न मधूनमधून बाहेर येऊन दुसऱ्यांना सांगायचा, तेवढंच मला कळायचं. डॉक्टर जिवाचं रान करत होते. पण विष दीड दिवस तिच्या अंगात मुरलं होतं.

खेमसिंग बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तिच्या हातातल्या पांढऱ्या बांगड्या होत्या. त्यानं त्या माझ्या पेटीत ठेवल्या. बिजलीबाई गेली होती. मला कुंकू लावणारी, मला बैल म्हणणारी बाई गेली, आणि ज्याच्यामुळे गेली तो सदरा त्या रात्री माझ्याच मुठीवर टांगलेला होता. खेमसिंग माझ्यावर बसला नाही. तांड्यापर्यंत मला हातानं धरून चालत गेला.

नंतर धम्मरत्न नवी मूठ घेऊन आला. खेमसिंग म्हणाला, "राहू दे. कोनी इचारलं तं सांगता येते."

तेव्हापासून तो मला गावोगाव, तांड्यातांड्यांवर नेतो. जो कोणी मुठीकडे बघून हसतो त्याला म्हणतो, "हात लावून पाह्य." मग सदऱ्याची गोष्ट सांगतो. पुष्कळ लोक ऐकून निघून जातात. कोणी म्हणतो, सदऱ्यानं कुठं मानूस मरते काय. कोणी म्हणतो, वास तं सगळ्याच शिवाराले हाये. अशा वेळी खेमसिंग माझ्या पेटीच्या काठावर बसून राहतो.

एकदा एका तांड्यावर ममता नावाची एक तरुण बाई गोष्ट ऐकत उभी होती. तिच्या लुगड्यावर नवऱ्याचा सदरा होता. तिनं मुठीच्या खळग्यांत बोटं घालून पाहिली. मग सदऱ्याचं एक बटण काढलं आणि थांबली.

"बाबा, समजलं मले," ती म्हणाली. "पन घरी हा एकच हाये. नाही घातला तं हात सोलते, घातला तं तुमी असं सांगता. मंग म्या करू काय?"

 आजवर खेमसिंगनं इतक्यांना सांगितलं, पण हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्यानं अंगातला स्वतःचा सदरा काढला आणि तिच्या हातात दिला.

"हा घाल. धुतेला हाये. फवाऱ्याचा तो येगळा ठेव, दूर."

आणि भर उन्हात तो नुसत्या बनियनवर घरी आला. दुसऱ्याच दिवशी त्यानं धम्मरत्नला सांगितलं. धम्मरत्ननं दुकानासमोर जुने सदरे मागणारी पाटी लावली, त्याच्या आईनं, जयाबाईंनी, घरोघरी जाऊन विचारलं, आणि माझ्या पेटीत दळणाच्या जागी जुने, धुतलेले सदरे येऊ लागले. एक फवारणीचा, एक निंदायचा, दोन्ही वेगळे. आम्ही ते वाटत फिरतो. पण मित्रांनो, तांडे खूप आहेत आणि सदरे पुरत नाहीत. कितीदा तरी आम्ही पोचायच्या आत पेटी रिकामी झालेली असते, आणि दारात उभ्या असलेल्या बाईला खेमसिंग नुसतीच गोष्ट सांगतो.

तुम्ही माझा गंज पुसला नाही तरी चालेल. माझ्या चाकात तेल घालायलाही विसरलात तरी मी रुसणार नाही. एवढंच करा, घरात जाऊन पाहा. पूर्ण बाह्यांचा एखादा जुना सदरा असेल तर धुऊन घेऊन या. यंदाची फवारणी सुरू झाली आहे. पेटी सकाळपासून रिकामी आहे, आणि बाया शेताला निघाल्या आहेत.