चित्रातली फाटकी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. जवळ या, पण बसू नका, पडाल.

एका सुताराने मला घडवलं आणि त्याच्या बायकोने माझी बैठक घट्ट विणली. मग एक चित्रकार आणि त्याची बायको मला घरी घेऊन आले. ती खिडकीशी माझ्यावर बसून भाजी निवडायची, त्याची वाट बघायची. तेच माझे सुखाचे दिवस.

एकदा मधला वेत तुटला. ती म्हणाली, "हिला विणून आणतोस का रे?"

चित्रकार डोळे बारीक करून बघत राहिला. "अगं, वेडी की काय तू? त्या भोकातून ऊन कसं पडतंय बघ! मोडकी आहे म्हणूनच सुंदर आहे."

झालं! त्याने माझं चित्र काढलं, लोकांनी वाहवा केली. कौतुक माझं, पण बसायला कोणी धजेना. ती बिचारी फरशीवर बसून भाजी निवडू लागली.

त्याला सगळ्याचीच गंमत वाटायची. मित्रांची, देवाची, स्वतःच्या चित्रांचीही. कशातच जीव गुंतवायचा नाही, म्हणजे कशाचंच उत्तर द्यायला नको. तिचे वडील गेले तेव्हासुद्धा हा तिच्या ओल्या गालावरची सावली न्याहाळत होता. मेला कुठला!

एका संध्याकाळी ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. "एकदाच खरं सांग. मी राहू की जाऊ?"

तो हसला. "राहिलीस तर संसार, गेलीस तर चित्र!"

"मी थट्टा करत नाहीये."

"तीच तर गंमत आहे!"

ती गेली. मग तो माझ्यासमोर मटकन खाली बसला आणि हुंदका देऊन म्हणाला, "जाऊ नकोस गं."

मित्रांनो, मला वाटलं, आता हा धावणार! जिन्यावर तिची पावलं अजून वाजत होती. पण त्याने मान कलती केली. तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं, जरा हळू, जरा गोड. मग आणखी एकदा. तोवर पावलं ऐकू येईनाशी झाली.

आजही मी त्याच खिडकीशी आहे. पाहुणे आले की तो मला दाखवतो आणि ते वाक्य म्हणतो. पाहुण्यांचे डोळे पाणावतात, तो खूश होतो.

मला आता कोणी विणणार नाही, लाकूडही किडलंय. पण तुमच्या घरी कोणी "विणून आण" म्हणालं, तर आधी उठा आणि विणून आणा. ऊन काय, रोज पडतं. इथेही पडतं, माझ्या भोकातून, फरशीवर, तिच्या बसायच्या जागेवर.