तीनदा झाकलेला चेहरा

मी एक जुना भाग आहे. एकेकाळी घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या युद्धमालिकेचा सातवा भाग. मित्रांनो, एका रुंद टेपवर माझा जन्म झाला आणि आजही मी त्याच टेपवर, पत्र्याच्या कपाटात राहतो.

माझे रणांगण प्लायवुडचे होते. वाळू पोत्यांतून आणलेली, रक्त रंगाचे. बॉम्ब पडला की शिडीवर बसलेला एक माणूस दिवा हलवायचा. मालिका जुन्या लढाईची होती. पण त्याच दिवसांत सीमेवर खरी लढाई पेटली होती, आणि मालिकेत परिचारिकेची भूमिका करणाऱ्या ताईंचा धाकटा भाऊ तिथे होता. बरेच दिवस त्याची काही खबर नव्हती.

माझ्यातला मुख्य प्रसंग अगदी छोटा. एक तरुण शिपाई उपचारांआधीच मरतो. परिचारिका त्याच्या चेहऱ्यावर कांबळे ओढते आणि एवढेच म्हणते, "पुढचा आणा."

चित्रीकरण सुरू होणार, तेवढ्यात ताईंचे वडील आले. सेटच्या दारावर मनाईचा लाल दिवा लागलेला, म्हणून त्यांना टेपच्या खोलीत, माझ्या यंत्राशेजारी स्टुलावर बसवले. दिग्दर्शक धावत आले.

"पोरगा गेला आमचा," वडील म्हणाले. "तिला सांगू नका. मीच सांगतो."

दिग्दर्शकांनी काचेतून सेटकडे पाहिले. सगळे तयार उभे होते.

"काका, एवढा एक प्रसंग होऊ द्या. मग तिला घरी घेऊन जा."

वडिलांनी मान हलवली. बिचारे दुसरे करणार तरी काय?

मी फिरू लागलो. ताईंनी कांबळे ओढले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"ताई, डोळ्यांत पाणी नको," दिग्दर्शक म्हणाले. "ही बाई दमलीय. तिला रडायलाही सवड नाही."

"माफ करा हं," ताई ओशाळल्या. "आमचा बाळ्या आठवला एकदम."

दुसऱ्या वेळी कांबळे खाटेला अडकले. वडील समोरच्या छोट्या पडद्यावर बघत होते. आपली लेक एका पोराचा चेहरा झाकते, उघडते, पुन्हा झाकते. यंत्र चालवणाऱ्याने त्यांच्यापुढे पाणी धरले. त्यांना ते दिसलेच नाही.

तिसऱ्या वेळी साधले. सेटवर टाळ्या पडल्या. लाल दिवा विझला आणि वडील भिंतीला धरून उठले. यंत्र थांबले होते, म्हणून पुढचे माझ्यात नाही.

मी खूप गाजलो. बक्षीसही मिळाले. ताई मात्र एकदाच परत आल्या, त्याही थेट टेपच्या खोलीत.

"बाबा इथे बसलेत, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं," दिग्दर्शक म्हणाले.

"तरी तीनदा?"

ताईंनी मालिका सोडली.

पुढे मला कुणी विचारेना. टेप महाग; माझ्या शेजारचे भाग पुसून त्यांवर नाचगाणी भरली गेली. दमट हवेने माझ्या कडा सुटू लागल्या. परवा माझीही पाळी आली. पण संग्रह सांभाळणाऱ्या बाईंना राहवेना. त्यांनी ताईंना बोलावून घेतले.

ताई काठी टेकत आल्या. मी मनात म्हटले, आता या मला पुसायलाच सांगणार, आणि त्यांचे चुकणारही नाही. बाईंनी मला यंत्रावर चढवले; ताई बघत राहिल्या. कांबळे ओढले गेले. "पुढचा आणा."

"थांबवू का?" बाईंनी हळूच विचारले.

"नको," ताई म्हणाल्या. "बघा ना तिच्याकडे. तिला अजून काहीच कळलेलं नाही. तिचा भाऊ अजून आहे." मग डोळे पुसून म्हणाल्या, "पुसू नका हो हा."

मित्रांनो, कोणतीही जुनी टेप पुसण्याआधी एकदा लावून बघा. कुणाचे तरी माणूस तिच्यात अजून जिवंत असेल.