तात्याबाच्या फोनातली हाक

गौसने वायर उपटून पुन्हा खोचली. कॉम्प्युटरवरची पट्टी निम्म्यावर येऊन अडकली आणि पडद्यावर पुन्हा तोच निरोप आला: पार्टिशन जुळत नाही. अर्धवट अपडेटने बंद पडलेल्या त्या फोनशी नवी पेठेतल्या आपल्या चिंचोळ्या मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात तो सकाळपासून झगडत होता. डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती, आणि आता त्याला मनापासून कंटाळा आला होता.

"आतलं सगळं पुसलं तर लगेच चालू होतंय की, काका."

"पुसू नगं," तात्याबा म्हणाला. "हिची हाक हाय त्यात."

त्याची बायको राजाबाई गळ्याशी पदर धरून बाकावर बसली होती. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज कायमचा गेला होता. आता कुणाला बोलवायचं तर ती दोन टाळ्या वाजवायची. शेळ्यांना मात्र तिच्याच हाकेची सवय. म्हणून ऑपरेशनच्या आधी तात्याबाने ती हाक फोनात भरून घेतली होती. रोज संध्याकाळी तो ती माळावर लावायचा आणि शेळ्या गोळा व्हायच्या.

"हाक गेली तर शेरडं माझं कुटं ऐकत्यात," असं म्हणून तो बायकोच्या गोळ्या आणायला गेला.

गौसने वैतागून फोनचं झाकण काढलं. झाकणावर एक मॉडेल आणि आतल्या बोर्डावर दुसरंच. कुणीतरी भलत्याच फोनचं झाकण बसवून दिलं होतं, आणि तो त्यावर विसंबून चुकीच्या मॉडेलची सिस्टिम फाइल चढवत बसला होता. त्याने कपाळावर हात मारून घेतला. मग बोर्डाच्या नंबराची फाइल शोधली आणि साठवलेल्या भागाला धक्का न लावता चढवली. पट्टी शेवटपर्यंत गेली.

हाक शाबूत आहे का, हे बघायला त्याने ती लावली.

"यो यो यो... हिकडं गं काळे, हिकडं ये की!"

खणखणीत, हसरा आवाज दुकानभर घुमला. राजाबाईने तोंड फिरवलं. मग ती उठून आली आणि तळहाताने काउंटरची काच पुसून दाखवली. पुन्हा एकदा पुसली.

"पुसू म्हणताय?" गौसने विचारलं. "काकांना काय सांगू?"

तिने हात जोडले. जी हाक वाचवायला सकाळपासून डोळे फोडले, ती त्याने एका बोटाने पुसून टाकली. राजाबाई पायऱ्या उतरून बाहेर जाऊन उभी राहिली.

तात्याबा परतला.

"गावली का हाक?"

"फोन चालू झालाय, काका. हाक न्हाई राहिली."

तात्याबा गोळ्यांची पुडी घेऊन बाकावर टेकला.

"ऱ्हाऊ दे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मला बी ऐकवत न्हवती. शेरडं अजून तिचंच ऐकत्यात ह्ये बघून तिला बरं वाटंल, म्हनून लावायचो."

बाहेरून दोन टाळ्या ऐकू आल्या. तात्याबा लगबगीने उठला आणि फोन काउंटरवरच विसरून तिच्या मागोमाग चालू लागला.