मोहाखालची झाडलेली जागा

रंजीताच्या पुस्तकांतली बायनाबाई सुकी मासोळी विकते आणि नाकानं चोर पकडते. खरी बायनाबाईही मूल गावच्या आठवडी बाजारात सुकी मासोळीच विकायची. चोर तेवढा तिनं कधी पकडला नव्हता. पाच पुस्तकं झाली होती. कुणाची कोंबडी, कुणाच्या बांगड्या, एकदा तर पंगतीतला भातानं भरलेला अख्खा गंज, पातेल्यासकट. पुस्तकातला हवालदार मुखरू जेवल्याशिवाय जागचा हलत नसे, आणि जेवल्यावर तर मुळीच नाही. वाचणारे त्याच्यावर जीव टाकत. बाजारात लोक खऱ्या बाईला विचारत, "काय वो बाई, तपास कुठवर आला?" ती खूश होऊन मूठभर मासोळी जास्तीची घालून देई.

छपाईआधी प्रत्येक पुस्तक रंजीता शिलाई मशीन बाजूला सारून बाईला वाचून दाखवी. बाईला अक्षर येत नव्हतं, चूक मात्र बरोबर कळायची. सहावं पुस्तक दिवाळीला यायचं होतं. सकाळच्या एसटीनं कागद चंद्रपूरच्या छापखान्यात जायचे होते.

या वेळची गोष्ट घरचीच होती. मार्चात रंजीताचं पोटाचं ऑपरेशन झालं. घराची किल्ली शेजारच्या नथ्थूकडे ठेवून ती महिनाभर चंद्रपुरात बहिणीकडे राहिली. परत येऊन पाहते तर बांधावरच्या तिच्या एकुलत्या एका मोहाच्या झाडाखाली वेचून विकायला एक फूल उरलं नव्हतं. पलीकडचं शेतही नथ्थूचंच. त्याला ती एक शब्द बोलली नाही, सगळा राग पुस्तकात काढला. नाव बदललं, पण त्याचा एका टोकाला फाटलेला पिवळा मफलर तसाच ठेवला. गावातल्या लहान पोरानंही ओळखलं असतं.

ती वाचू लागली, "झाडाखालची जागा पाचोळा काढून लख्ख झाडलेली होती. फूल मात्र..."

"थांब," बायनाबाई म्हणाली. "हे तुया मनचं का खरं?"

"खरं. मी सोता पायलं."

"मंग चोर झाडून कायले जाईन वो? चोर येते, हाताले लागलं तं वेचते अन् पळते. खराटा माराले मालकच लागते, नाई तं मालकाचं मानूस."

रंजीताची बोटं कागदावर थांबली. "मंग मोह गेला कुठी?"

"तुया माळ्यावर."

"काय?"

"मले तं आखाडापासून इथं आली का वास येऊन राह्यला. वाटलं, तूच ठेवलंस. पाच पुस्तकं मायं नाक लिवलंस बाई, तुयं सोताचं नाक कुठी ठेवलंस?"

डॉक्टरनं शिडी चढायला मनाई केली होती. वास रंजीतालाही यायचा; ती तो कोपऱ्यातल्या गुळाचा समजत होती. बायनाबाईच लुगडं खोचून चढली. वरून तिनं हाक मारली, "मोहफुलाचे दोन भरले बोरे हायेत! तोंडाशी कडुनिंबाचा पाला, अन् बांधलं पिवळ्या चिंधीनं!"

ती चिंधी नथ्थूच्या मफलरची होती. तो मफलर कशानं फाटला, हे तिनं पुस्तकात कुठंच लिहिलं नव्हतं.

नथ्थू धानाच्या बांधीत पाणी पाहत होता.

"नथ्थूभाऊ, मोह तुमी वेचला. मले सांगितलं काऊन नाई?"

"त्यात सांगासारखं काय हाये? बीमार मानसाचं झाड कोनी ना कोनी राखतेच. सांगितलं असतं तं तू टाके दुखत असताना आमचे कपडे शिवत बसली असतीस."

त्यानं अगदी बरोबर ओळखलं होतं. मग रंजीतानं मान खाली घालून पुस्तकातलं सगळं सांगून टाकलं. नथ्थू बांधीतून वर आला.

"मले चोर केलं?"

"हो भाऊ. चुकलं. पयल्या पानापासून बदलते."

"पयल्या पानापासून कायले? शेवटच्या पानापर्यंत मले चोरच राहू दे. आधीच कळलं तं कोन वाचन? फक्त त्या मुखरूले एकदा माया घरी जेवाले बसव. मले लय आवडते तो."

रंजीता हसली, मग पदरानं डोळे पुसले. "मफलर द्या इकडं," एवढंच म्हणाली.

सकाळची एसटी कागद न घेताच गेली. दुपारपर्यंत मुखरू नथ्थूच्या घरी दोनदा जेवला होता आणि मफलरच्या टोकाला पिवळ्याच कापडाची सुरेख पट्टी लागली होती. पुस्तकात मात्र रंजीतानं तो फाटकाच ठेवला. तो नीट असता, तर माळ्यावरचे बोरे कुणी बांधले हे बायनाबाईला कसं कळणार?