आत्या आधी, दगड नंतर

नव्या वर्षाच्या गावोगावच्या फेरीत गावाचा दगड खांद्यावर घ्यायचा आणि घेणाऱ्याने सकाळपासून काडीही उचलायची नाही, हा पॅसिफिकमधल्या रुरुतू बेटावरचा शिरस्ता. माइमितीला त्या दिवशी घरच्यांनी अंड्यासारखं जपलं. चपलासुद्धा भावाने पायाशी आणून ठेवल्या.

मागच्या वर्षी तो तेल चोळलेला दगड तिच्या छातीपर्यंत आला होता आणि तिथून निसटला होता. शेजारच्या आवेरा गावची दगड उचलणारी रेपेता, तिने जागच्या जागी तिचं नाव ‘छातीपर्यंत’ ठेवलं. मग वर्षभर दुकानात, धक्क्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर तेच. छातीपर्यंतबाई, साखर हवी का? माइमितीला बाकी काही नको होतं, आपलं नाव परत हवं होतं.

पाहुण्यांचा फुलांनी मढवलेला ट्रक सभागृहापाशी थांबला आणि माइमितीची तेउरा आत्या उतरू लागली. आत्या म्हणजे ऐसपैस प्रकरण. अंगात प्रार्थनेचा पांढराशुभ्र झगा, खाली रस्त्यावर घोट्याएवढा चिखल. तेवढ्यात ट्रकच्या पायरीची फळी मोडली आणि आत्या दांडीला लोंबकळली. धट्टेकट्टे पुरुष सगळे दगडापाशी. माइमितीने विचार केलाच नाही. आत्याला कवेत घेतलं, मांडीवर टेकवलं आणि एका हिसक्यात खांद्यावर टाकलं. वरून लोकांना हात करत आत्या कोरडीच्या कोरडी सभागृहाच्या दारात पोचली.

माइमितीची वर्षभर तयारी करून घेणारा काका मटकन खाली बसला. “सगळी ताकद आत्यावर खर्च केलीस. आता दगडाला काय देणार, फुलं?”

“खर्च काय म्हणतोस रे मला,” आत्या झगा सारखा करत म्हणाली.

प्रार्थना सुरू झाली. पाद्रीबाबा एकेका घरासाठी, एकेका होडीसाठी, ताहितीला शिकायला गेलेल्या एकेका मुलासाठी आशीर्वाद मागत होते. आधी माइमितीच्या मांड्या थरथरत होत्या. होड्यांपर्यंत श्वास जागेवर आला. मुलांपर्यंत थरथरही गेली, पण पाय काही निवले नाहीत. हाक मारून उठवलेला माणूस पुन्हा आडवा व्हायला तयार नसावा, तसे ते नुसते वाट बघत होते.

ती दगडापाशी गेली, वाकली, कवेत घेतला. छाती कधी मागे पडली ते तिला कळलंच नाही. दगड खांद्यावर होता आणि तिला इतकं हसू येत होतं की ती तो खाली ठेवायलाच विसरली. बायकांनी शाबासकी म्हणून तिच्या डोक्यावर पावडरचा डबा रिकामा केला. तशी पांढरीफटक होऊन ती दगडासकट नाचली.

फेरीला आलेल्या आवेराच्या लोकांनी काय ते ओळखलं. गुण आत्याचा. त्यांनी ताबडतोब आपल्या आत्या गोळा केल्या. रेपेताने एक आत्या उचलली, मग दुसरी, मग मोठ्या हौसेने पुढे आलेल्या पाद्रीणबाई, आणि धापा टाकत तशीच दगडाला भिडली. दगड गुडघ्याशी आला आणि धप्पकन खाली गेला.

रेपेता मातीत बसून दगडाकडे बघत राहिली. मग माइमितीला म्हणाली, “गुडघ्यापर्यंत. बोल आता.”

वर्षभर घोकून ठेवलेली उत्तरं माइमितीच्या तोंडाशी आली होती. पण तिचं डोकं भलतीकडेच धावत होतं. आत्या दोघींनी उचलली, मग फरक कुठे पडला? आपल्या वेळी मध्ये प्रार्थना होती. थकवा आधी उतरतो, जाग मागे राहते. ती रेपेताजवळ बसली.

“बस जरा. दोन आत्या आणि वर पाद्रीणबाई म्हणजे फार झालं. आता गाणं सुरू होतंय, तेवढं होऊ दे, मग ऊठ.”

गाणं लांबलचक होतं आणि लोकांनी मुद्दाम आणखी लांबवलं. ते संपल्यावर रेपेता उठली आणि दगड तिच्या खांद्यावर गेला. दोन्ही गावं एकदम ओरडली. “माइमिती, उतरव गं मला हा,” वरून ती हसत म्हणाली. वर्षात पहिल्यांदा तिने खरं नाव घेतलं होतं.

जेवणाच्या पंगतीत तेउरा आत्याने उकडलेल्या तारो कंदाचा तिसरा तुकडा पानात ओढला. कुणीतरी तिच्याकडे बघितलं.

“पुढच्या वर्षी मोठा दगड आणणार आहेत म्हणे,” आत्या म्हणाली. “मलाही तयारीला लागायला हवं.”